आर्मी डेंटल कोअर: अर्जापासून बढती-पगारापर्यंत, कुठल्या टप्प्यावर काय करायचे आणि नेमके कुठे चुकते

बीडीएस (दंतवैद्यकाची पदवी) झालेली मुले-मुली आर्मी डेंटल कोअरमध्ये, म्हणजे सैन्याच्या दंतसेवेत, जाण्याआधी मला एकच विचारतात, "मॅडम, कॅप्टनला हातात किती पडतात?" तीच मुले आठ-नऊ वर्षांनी फोन करतात, "मॅडम, परमनंट कमिशनचा (कायम नेमणुकीचा) चान्स गेला. आता काही होईल का?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर पाच मिनिटांत देता येते. दुसऱ्याचे उत्तर देताना मात्र बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. या सेवेत हुशार डॉक्टर मागे राहतात ते हाताच्या कौशल्यात कमी पडतात म्हणून नव्हे. एखादी तारीख निसटते, एखादा कागद अडकतो, आणि ते त्यांना दोन वर्षांनी कळते. म्हणून या लेखात तारखा आणि कागद यांच्याच क्रमाने जाऊ या.

## टप्पा १ : अर्जाच्या आधीचे वर्ष

आर्मी डेंटल कोअरमध्ये प्रवेश शॉर्ट सर्व्हिस कमिशनने, म्हणजे ठरावीक मुदतीच्या नेमणुकीने, होतो आणि निवडीची पहिली चाळणी नीट-एमडीएसच्या (एमडीएस या पदव्युत्तर पदवीच्या प्रवेश परीक्षेच्या) गुणांवर लागते. अर्जापूर्वी या गोष्टी तपासा:

१. बीडीएसच्या अंतिम वर्षात किमान ५५ टक्के गुण. चारही वर्षांची सरासरी इथे उपयोगाची नाही.
२. एक वर्षाची रोटेटरी इंटर्नशिप जाहिरातीत दिलेल्या तारखेआधी पूर्ण.
३. राज्य दंत परिषदेची कायमची नोंदणी, आणि तिची मुदत जाहिरातीतील तारखेपर्यंत चालू.
४. त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला वय ४५ पूर्ण झालेले नसावे.
५. त्याच वर्षीची नीट-एमडीएस दिलेली असावी.

पाचव्या मुद्द्यावर सर्वांत जास्त लोक अडकतात. "माझे एमडीएस झाले आहे, मला कशाला नीट?" असे म्हणून परीक्षा सोडून देतात आणि वर्ष हातचे जाते. एमडीएस असले तरी त्या वर्षीचे गुण लागतात. परीक्षा २४० प्रश्नांची, ९६० गुणांची, तीन तासांची असते. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा. पेपरचे दोन भाग असतात आणि पहिल्या भागाची वेळ संपली की त्यात परत जाता येत नाही. दवाखाना सांभाळून बसणाऱ्यांनी निदान वेळ लावून सराव तरी करावा.

महाराष्ट्रातल्या उमेदवारांसाठी एक खास इशारा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आपले नाव आडनावापासून सुरू होते, आधारवर नाव आधी येते, विद्यापीठाच्या पदवीवर आणखी तिसरा क्रम असतो. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींची नोंदणी एका नावाने आणि पदवी दुसऱ्या नावाने असते. कागद तपासताना हे हमखास अडते. नाव बदलले असेल तर महाराष्ट्र शासन राजपत्रातील प्रसिद्धी अर्जाच्या आधीच करून घ्या. मुलाखतीचे पत्र आल्यावर ते काम आठ दिवसांत उरकत नाही.

थांबा, तपासा: दहावीचे प्रमाणपत्र, चारही वर्षांच्या गुणपत्रिका, अटेम्प्ट सर्टिफिकेट (किती प्रयत्नांत उत्तीर्ण झालात याचा दाखला), इंटर्नशिपचे प्रमाणपत्र, दंत परिषदेची नोंदणी आणि नीटचे स्कोअरकार्ड एकाशेजारी एक ठेवा. नाव आणि जन्मतारीख सगळीकडे अक्षर न् अक्षर जुळते का?

## टप्पा २ : अर्ज, मुलाखत, मेडिकल

अर्ज फक्त जॉइन इंडियन आर्मीच्या अधिकृत संकेतस्थळावर भरायचा. जागा मोजक्याच असतात, साधारण तीसच्या आसपास, त्यामुळे जाहिरात आली हे कळायलाच उशीर झाला तर संधी गेली. नीटचा निकाल लागला की दर दोन दिवसांनी संकेतस्थळ पाहायची सवय लावा.

सरकारी किंवा निमसरकारी नोकरीत असाल तर ना हरकत प्रमाणपत्र अर्ज भरायच्या दिवशीच मागा. मुलाखतीला मूळ कागद आणि प्रती असे दोन वेगळे संच न्या. प्रश्न दंतशास्त्राचे असतातच, पण "दवाखान्यात चांगले कमावत होतात, मग इकडे का?" हेही विचारतात. पाठ केलेले देशभक्तीचे वाक्य तिथे चालत नाही. दुर्गम ठिकाणी, मर्यादित साधनांत काम करायची खरी तयारी आहे का, हे समोरच्याला दोन मिनिटांत कळते.

मेडिकलची तयारी दोन महिने आधी सुरू करा. वजन, रक्तदाब, कान, डोळे, आणि दंतवैद्य असूनही स्वतःचे दात. तात्पुरते अपात्र ठरलात तर अपिलाची मुदत त्याच पत्रात असते. पत्र हातात पडताच ती तारीख लिहून ठेवा.

## टप्पा ३ : रुजू झाल्याच्या आठवड्यात स्वतःचे कॅलेंडर आखा

नेमणूक थेट कॅप्टन म्हणून होते. लखनौच्या एएमसी (आर्मी मेडिकल कोअर) सेंटर अँड कॉलेजमध्ये प्राथमिक प्रशिक्षण, मग पहिले पोस्टिंग. ते पठाणकोटच्या एखाद्या डेंटल युनिटमध्ये असेल किंवा मुंबईच्या आयएनएचएस अश्विनीसारख्या नौदल रुग्णालयात. तिन्ही दलांची दंतसेवा हीच कोअर पाहते.

शॉर्ट सर्व्हिसचा हिशेब असा: आधी ५ वर्षे, मग ५ वर्षांची पहिली वाढ, मग ४ वर्षांची दुसरी. एकूण १४. निवृत्तिवेतनाला अधिकाऱ्याची किमान २० वर्षांची सेवा लागते. म्हणजे १४ वर्षे चोख नोकरी करूनही पेन्शन नाही. हे वाक्य मी प्रत्येकाला दोनदा ऐकवते, कारण "सैन्यात गेलो म्हणजे पेन्शन पक्की" हा समज आपल्या घराघरांत घट्ट बसला आहे.

म्हणून पहिल्याच आठवड्यात एका वहीत या तारखा लिहा: कमिशनची तारीख, दोन वर्षे पूर्ण होण्याची तारीख, पाच आणि दहा वर्षे पूर्ण होण्याच्या तारखा, आणि तुमच्या पात्रतेनुसार परमनंट कमिशनची वयोमर्यादा ओलांडण्याचा दिवस. शेवटची तारीख लाल शाईने लिहा.

## टप्पा ४ : पगार स्वतः मांडा

खालचे आकडे सातव्या वेतन आयोगाचे आहेत. न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखाली आठवा आयोग नेमला गेला आहे. त्याचे आकडे लागू होतील तेव्हा रकमा बदलतील, मांडणी समजून घेतली तर ती उपयोगी पडेलच.

मूळ वेतनाची सुरुवात पदानुसार अशी:
कॅप्टन ६१,३००
मेजर ६९,४००
लेफ्टनंट कर्नल १,२१,२००
कर्नल १,३०,६००
ब्रिगेडियर १,३९,६००
मेजर जनरल १,४४,२००

क्रम पाळा. आधी मूळ वेतन. त्याच्या २० टक्के नॉन-प्रॅक्टिसिंग अलाउन्स, म्हणजे एनपीए. मग मिलिटरी सर्व्हिस पे १५,५००, जो ब्रिगेडियरपर्यंत मिळतो. या तिघांच्या बेरजेवर महागाई भत्ता. नव्या कॅप्टनचा हिशेब जुलै २०२५ च्या ५८ टक्के महागाई भत्त्याने करून पाहू:

मूळ वेतन ६१,३००
एनपीए १२,२६०
मिलिटरी सर्व्हिस पे १५,५००
बेरीज ८९,०६०
महागाई भत्ता ५१,६५५
एकूण १,४०,७१५

यावर वाहतूक भत्ता शहरानुसार ३,६०० किंवा ७,२००, आणि त्यावर पुन्हा महागाई भत्ता. सरकारी घर नसेल तर घरभाडे. फील्डमध्ये किंवा उंचावर पोस्टिंग असेल तर त्याचे वेगळे भत्ते.

इथे तीन चुका वारंवार होतात. पहिली, एनपीए मिलिटरी सर्व्हिस पेवरही मोजणे. तो फक्त मूळ वेतनावर असतो. दुसरी, महागाई भत्ता फक्त मूळ वेतनावर मोजून "मला कमी मिळतो" असे समजणे. तिसरी वरिष्ठांची: मूळ वेतन अधिक एनपीए यांची बेरीज २,३७,५०० च्या वर जाऊ शकत नाही, त्यामुळे मूळ वेतन साधारण १,९७,९०० च्या पुढे गेले की एनपीएला कात्री लागते.

कापले जाणारे पैसे दोन ढिगांत मांडा. डीएसओपी फंडात (अधिकाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीत) किमान ६ टक्के जातात, ते तुमचेच आहेत आणि व्याजासह परत येतात. ग्रुप इन्शुरन्स, आयकर, घराची लायसन्स फी आणि मेस बिल हा खरा खर्च. "हातात कमीच पडतात" म्हणणाऱ्यांपैकी बरेचजण डीएसओपीची रक्कम खर्चात धरून बसलेले असतात.

इशारा: एनपीए घेता म्हणजे खासगी प्रॅक्टिस करायची नाही. सुटीत गावी गेल्यावर मित्राच्या दवाखान्यात पैसे घेऊन दोन रूट कॅनॉल करणेही त्यात येते. एवढ्यासाठी कारकीर्द पणाला लावू नका.

## टप्पा ५ : पार्ट टू ऑर्डर आणि पुण्याचे कार्यालय

देशात कुठेही असलात तरी सैन्यातील अधिकाऱ्यांचा पगार पुण्यातून निघतो, संरक्षण लेखा विभागाच्या पीसीडीए ऑफिसर्स या कार्यालयातून. तिथल्या माणसाला तुम्ही लग्न केले, बदलीवर गेलात, एमडीएस झालात हे आपोआप कळत नाही. युनिटने पार्ट टू ऑर्डर, म्हणजे अशा बदलाची अधिकृत नोंद, काढला आणि तो पुण्यात नोंदला गेला की मगच पैसा हलतो.

माझी स्वतःची एमडीएसची नोंद अशीच अडकली होती. त्या वेळच्या युनिटने ऑर्डर काढला, पण पदवीच्या तारखेत चूक राहिली आणि पुण्याहून तो परत आला. कोणी मला सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही. मधल्या काळात माझी बदली झाली. तज्ज्ञाचा भत्ता चौदा महिने थांबला, आणि थकबाकी मिळवायला दोन युनिटांच्या कारकुनांमध्ये मी पत्रे नाचवत होते. तेव्हापासून दर महिन्याला हे करते, तुम्हीही करा:

१. मासिक वेतनपत्रक उतरवून घ्या आणि मागच्या महिन्याशी ओळ न् ओळ ताडून पाहा.
२. प्रत्येक घटनेचा पार्ट टू ऑर्डर क्रमांक व तारीख आपल्या वहीत लिहा.
३. पुढच्या वेतनपत्रकात त्याचा परिणाम दिसला नाही, तर ऑर्डर परत आला आहे का ते विचारा. परत येण्याचे कारण लेखी मागा.
४. बदलीवर निघण्यापूर्वी प्रलंबित ऑर्डर एकही राहू देऊ नका. निघाल्यावर जुन्या युनिटमध्ये तुमच्या कामाला वाली नसतो.

मुलांच्या शिक्षण भत्त्याचे बरेच पैसे इथेच बुडतात. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर पोचल्यापासून तो दरमहा २,८१२ रुपये ५० पैसे आहे, दोन मुलांसाठी. मुलाच्या जन्माची नोंदच नसेल तर शाळेचे प्रमाणपत्र कितीही व्यवस्थित असले तरी दावा उभा राहत नाही.

## टप्पा ६ : परमनंट कमिशन

लेखातला हा भाग कृपया सावकाश वाचा.

शॉर्ट सर्व्हिसमधून कायम होण्याची वाट म्हणजे विभागीय परमनंट कमिशन. दोन वर्षांची सेवा झाली की पात्रता सुरू होते, वयोमर्यादा असते, आणि संधी मोजक्या असतात. सगळे नियम आर्मी इन्स्ट्रक्शन १५/७९ आणि त्यातील दुरुस्त्यांमध्ये आहेत. ते दस्तऐवज स्वतः वाचा. "सीनियर म्हणाले तीन चान्स असतात" एवढ्यावर विसंबून राहू नका.

असे का म्हणते, ते एका प्रकरणातून समजेल. लेफ्टनंट कर्नल सुप्रिता चंदेल १० मार्च २००८ रोजी कोअरमध्ये आल्या. त्यांना तीन संधी आणि वयात सवलत लागू होती. दोन संधी झाल्या. २० मार्च २०१३ ला नियम बदलले, वयातील सवलत आखडली आणि तिसरी संधी हातून गेली. त्यांच्यासारखेच काही अधिकारी सशस्त्र दल न्यायाधिकरणात गेले आणि २०१४ मध्ये त्यांना एकवेळची सवलत मिळाली. चंदेल त्या अर्जात नव्हत्या, म्हणून त्यांना तो लाभ नाकारला गेला. शेवटी ९ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परमनंट कमिशन देण्याचा आदेश दिला. एकाला मिळालेला न्याय त्याच स्थितीतल्या दुसऱ्याने कोर्टात न येताही मिळायला हवा, अशी न्यायालयाची भूमिका होती.

निकाल न्याय्य आहे आणि मला त्याचा मनापासून आनंद झाला. पण २०१४ ते २०२४ ही दहा वर्षे मोजा. तुमच्या वाट्याला ती येऊ नयेत, म्हणून:

१. पहिल्याच पात्र संधीला बसा. "अजून तयारी नाही, पुढच्या वेळी बघू" ही सर्वांत महाग चूक. नियम मधेच बदलतात आणि वय तर थांबतच नाही.
२. बसण्यापूर्वी त्या दिवशी लागू असलेली दुरुस्ती कुठली ते तपासा. बीडीएस आणि एमडीएससाठी वयोमर्यादा वेगळी असते.
३. प्रत्येक प्रयत्नाचे पत्र, निकाल आणि मेडिकल श्रेणीचा कागद जपून ठेवा. पुढे वाद झाला तर तुमच्या किती संधी वापरल्या गेल्या हे त्यावरच ठरेल.
४. गरोदरपण, आजारपण किंवा कोर्स यांमुळे संधी हुकणार असेल तर ते आधी लेखी कळवा आणि पोच घ्या. संधी हुकल्यावर लिहिलेल्या पत्राला वजन राहत नाही.
५. तुमच्याच स्थितीतल्या कुणाला न्यायाधिकरणाने सवलत दिली असे कळले, तर त्याच महिन्यात त्या आदेशाचा संदर्भ देऊन अर्ज करा.

थांबा, तपासा: सेवेला दोन वर्षे झाली असतील तर आत्ता तुमच्या किती संधी वापरल्या गेल्या, किती उरल्या आणि वयोमर्यादा कुठल्या तारखेला संपते? तिन्ही उत्तरे लगेच सांगता आली नाहीत, तर पुढचा टप्पा वाचण्याआधी ती शोधा.

## टप्पा ७ : सेवेत राहून एमडीएस

परमनंट कमिशनच्या तयारीत एमडीएसचा प्रश्न पुढे ढकलला जातो. पुण्याचे एएफएमसी (सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालय) आणि दिल्लीचे आर्मी डेंटल सेंटर इथे सेवेतील अधिकाऱ्यांना पदव्युत्तर शिक्षण घेता येते, तेही पूर्ण पगारावर. बाहेर खासगी महाविद्यालयात एमडीएसला किती पैसे मोजावे लागतात हे आपल्याकडच्या पालकांना सांगायला नको. पगाराच्या तक्त्यात न दिसणारा सर्वांत मोठा लाभ मी यालाच मानते.

मात्र त्यासाठीही नीट-एमडीएस द्यावी लागते, आणि शिक्षणानंतर सेवेचे बंधन येते. बंधनाची मुदत आणि तुमच्या कमिशनची मुदत एकमेकांत बसतात का, हे अर्जापूर्वी पाहा. परत आल्यावर आधी ग्रेडेड आणि नंतर क्लासिफाइड स्पेशालिस्ट अशी तज्ज्ञाच्या चढत्या श्रेणींची वाटचाल असते. पदवी हातात आली की टप्पा ५ पुन्हा वाचा.

## टप्पा ८ : बढती

मेजर आणि लेफ्टनंट कर्नल ही पदे सेवेच्या वर्षांवर, अटी पूर्ण केल्यावर मिळतात. कर्नलपासून पुढे निवड मंडळ बसते आणि जागा झपाट्याने कमी होत जातात. शिखरावर दंतसेवेचे महासंचालक, लेफ्टनंट जनरल, असे एकच पद.

पैशाच्या दृष्टीने सर्वांत मोठी उडी कर्नल झाल्यावर येते असे लोक समजतात. ती येते मेजरचा लेफ्टनंट कर्नल होताना. लेफ्टनंट कर्नलच्या सुरुवातीच्या वेतनावर वरचीच मांडणी करा: १,२१,२०० अधिक २४,२४० अधिक १५,५००, त्यावर ५८ टक्के, म्हणजे २,५४,२८५. हे पद सेवेच्या दुसऱ्या दशकात येते. दहा वर्षांनी बाहेर पडायचे की आणखी चार वर्षे थांबायचे, हे ठरवताना कागदावर ही ओळ असू द्या.

बढतीनंतर वेतन निश्चितीत पर्याय द्यावा लागतो: बढतीच्या तारखेपासून, की पुढच्या वेतनवाढीच्या तारखेपासून. वेतनवाढ १ जानेवारी किंवा १ जुलैला लागते. उदाहरणार्थ, ६७,००० मूळ वेतनावरचा कॅप्टन मेजर झाला, तर आधी त्याच स्तरात एक वाढ, म्हणजे ६९,०००, आणि मग मेजरच्या स्तरातील त्याहून वरचा पहिला आकडा, ६९,४००. दोन्ही पर्यायांनी पुढच्या दोन वर्षांचा पगार मांडा आणि मुदतीत लेखी पर्याय द्या. घाईत केलेली सही पुढे वर्षानुवर्षे महागात पडते.

निवडीच्या पदांसाठी वार्षिक गोपनीय अहवाल हाच पाया. बदली, लांब रजा किंवा कोर्समुळे एखाद्या वर्षाचा अहवाल लिहिलाच गेला नाही, असे घडते. तो सुरू झाला का, कुणाकडे आहे, हे तुम्ही विचारायचे. अहवालासाठी स्वतःच्या कामाची नोंद देताना "रुग्णसेवा केली" असे मोघम लिहू नका. किती शस्त्रक्रिया, किती जवानांची तपासणी, कुठल्या दुर्गम चौकीवर शिबिर, हे लिहा.

## टप्पा ९ : अन्याय झाला तर

कोर्टात धावण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी विभागांतर्गत तक्रार, मग आर्मी ॲक्टच्या कलम २७ खालची वैधानिक तक्रार, आणि त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. महाराष्ट्र, गुजरात, गोव्यासाठी त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. आतले मार्ग संपवल्याशिवाय न्यायाधिकरण सहसा प्रकरण घेत नाही, आणि अंतिम आदेशानंतर सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. तोंडी आश्वासनांवर हे सहा महिने घालवणारे मी पाहिले आहेत.

## टप्पा १० : बाहेर पडताना

शॉर्ट सर्व्हिस संपवून येणाऱ्याला टर्मिनल ग्रॅच्युइटी मिळते, पूर्ण झालेल्या दर सहा महिन्यांना अर्ध्या महिन्याचे वेतन. १४ वर्षांना साधारण चौदा महिन्यांचे. त्याशिवाय डीएसओपी, शिल्लक रजेचे पैसे आणि ग्रुप इन्शुरन्सची परिपक्वता रक्कम. कायम अधिकाऱ्याच्या पेन्शनमध्ये मूळ वेतनाबरोबर मिलिटरी सर्व्हिस पे आणि एनपीएही धरले जातात, तेव्हा शेवटच्या वेतनपत्रकात तिन्ही आकडे बरोबर आहेत ना, हे निघण्याच्या सहा महिने आधी पाहा.

शेवटच्या वर्षात दोन कामे विसरू नका. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेची नोंदणी चालू आहे का ते बघा. वर्षानुवर्षे बाहेरच्या राज्यांत राहिल्याने तिचे नूतनीकरण राहून गेलेले असते, आणि त्याशिवाय दवाखान्याची पाटी लावता येत नाही. दुसरे, युनिट सोडण्यापूर्वी सेवा प्रमाणपत्र, तज्ज्ञ म्हणून केलेल्या कामाचा दाखला आणि सर्व पार्ट टू ऑर्डरची यादी स्वतःच्या हातात घ्या. नंतर टपालाने मागवू असे म्हणून गाडीत बसू नका.